अडीच हजारवाले सेल

पुनमला लग्नाच्या फोटोचं पहिलं काम मिळालं ते कोमलच्या हट्टामुळं.

डोंगरकड्यात ती तीन वर्षांपासून फोटो काढत होती, पण ते बारसं, डोहाळजेवण, शाळेचं स्नेहसंमेलन असले. कॅमेरा तिनं हिंगोलीतल्या एका स्टुडिओवाल्याकडून जुना घेतला होता. त्याच्यासोबत चार पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅशही आला होता. गावातल्याच कोमलचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील माणिकराव कळमनुरीच्या एका फोटोग्राफरला हो म्हणून बसले होते. कोमलनं ऐकलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"हळदीच्या टायमाला बायकांत त्यो बाप्या हुबा राहिला तं मी तोंडच वर करनार न्हाई. पुनमताईला सांगा."

माणिकराव दुसऱ्या दिवशी पुनमच्या अंगणात आले. पाणी पिऊन झाल्यावर बराच वेळ टोपी मांडीवर फिरवत बसले.

"पोरी, लगीन एकदाच लागतं. एखादा फोटो हुकला तं परत अक्षदा टाकता येत न्हाईत. जमंल का?"

"जमंल काका," पुनम म्हणाली. ती म्हणाली खरी, पण ते गेल्यावर तिला पहिला विचार आला तो फ्लॅशचा. बारशाला दुकानातले वापरून फेकायचे सेल पुरत. लग्नाला मात्र तसले सेल पिशवीभर न्यावे लागले असते, आणि ऐन वेळी ते बदलत कोण बसणार? तिनं ठरवलं, आता चार्जिंगचे सेल घ्यायचे.

तिचा नवरा विजयकुमार केळीच्या मालाची खरेदी-विक्री करायचा. त्याचं हिंगोलीत काम होतंच. दोघं मोटारसायकलवर गेले. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत रतनसिंगचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. पन्नाशीचा माणूस, चष्मा दोरीला बांधून गळ्यात टाकलेला. त्यानं काउंटरवर दोन पाकिटं ठेवली.

"ये दो हजार के, ये ढाई हजार के. दोन्ही चार-चार सेल."

विजयकुमारनं दोन्ही पाकिटं उलटीपालटी करून बघितली. आकार तोच, रंग वेगळा. आकडे किमतीचे नव्हते, सेलात किती वीज मावते त्याचे होते. "मंग यात इचार काय करायचा? अडीचवाले द्या."

"ठहरो भाऊ. पहले बताओ, चलाना क्या है?"

"फोटोचा फ्लॅश," पुनम म्हणाली.

"रोज?"

"न्हाई. महिन्यातून दोन-चारदा."

रतनसिंगनं चष्मा नाकावर चढवला. "तो सुनो ताई. अडीचवाल्यात माल जास्त, बराबर हाय. पण हे पडे-पडे उतरतात. आज भरून ठेवले आन महिन्या-दीड महिन्यानं काढले, तर किती राहिलेत याचा भरोसा न्हाई. आन थोड्याच वेळा भरता येतात, मग थकतात. दो हजारवाल्यात माल थोडा कमी. पण भरून कपाटात टाका, सहा महिन्यांनी काढा, जवळजवळ तेवढेच. बरसों चलते."

"आवो, पण कमी ते कमीच," विजयकुमार म्हणाला. "पंधरा किलोचा घड आन वीस किलोचा घड शेजारी ठेवला तं पंधराचा कोन उचलतंय?"

"वीस का घड तीन दिन में काला पडता, भाऊ."

विजयकुमारलाही हसू आलं. पण पुनम त्या दोन आकड्यांकडं बघत होती. माणिकराव मांडीवर टोपी फिरवत बसलेले तिला दिसत होते. मांडवात फ्लॅश मधेच बंद पडला तर? मोठा आकडा बघितला की जिवाला जरा धीर येत होता. नवऱ्यानं म्हटलं म्हणून नव्हे, तिनं स्वतःच अडीच हजारवालं पाकीट उचललं.

"ठीक," रतनसिंग म्हणाला. "मग एक काम करायचं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भरायचे. तवाच. याद रखना."

पुनमनं लक्षात ठेवलं. हळदीच्या आदल्या दिवशी तिनं सेल चार्जरला लावले, हिरवा दिवा लागल्यावर काढले, फ्लॅशच्या पिशवीत घातले. आणि संध्याकाळी माणिकरावांचा फोन आला. नवरदेव दिपकची पोलीस भरतीची मैदानी चाचणी नेमकी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निघाली होती. दोन्हीकडच्यांनी बसून तारीख दीड महिना पुढं ढकलली. दिपक हळद लावायच्या ऐवजी पहाटे उठून पळायला जाऊ लागला, कोमल वैतागून घरात बसून राहिली, आणि पुनमचे सेल भरलेले तसेच पिशवीत राहिले.

दीड महिन्यानं लग्न दिपकच्या गावी सिद्धेश्वरला, त्याच्या घरापुढं मांडव घालून होतं. निघताना विजयकुमारनं विचारलं, "चार्जर घ्यायचाय का?"

"भरलेलेच हायेत की. हात बी लावला न्हाई त्यायला," पुनम म्हणाली. "अडीच हजारचे हायेत."

हळदीच्या संध्याकाळी फ्लॅश सुरेख चालला. कोमल हसली, लाजली, कोमलच्या गालाला कुणी मूठभर हळद फासली, तिनं ती दुसरीच्या कपाळाला पुसली. कळमनुरीचा बाप्या तिथं उभा असता तर यातलं काहीच झालं नसतं. पुनमनं मोकळ्या हातानं फोटो काढले. दोनशेच्या वर झाले असतील.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा होता. अकराच्या सुमारास नवरदेव मारुतीच्या दर्शनाहून परतला, तेव्हा पुनमच्या लक्षात आलं की फ्लॅशचा नारिंगी दिवा उशिरा लागतोय. आधी चार मोजेपर्यंत लागायचा. आता दहा मोजावे लागत होते. मग वीस. मांडवाच्या तोंडाशी कोमलची आई नवरदेवाला ओवाळत होती तेव्हा तिनं बटण दाबलं आणि फ्लॅश उडालाच नाही. तिनं सेल काढून तळहातावर घोळले, परत घातले. एक मंद चीं असा आवाज आला आणि तोही थांबला.

बिनफ्लॅशचा एक फोटो काढून तिनं बघितला. मांडवाचं कापड तांबडं आणि हिरवं होतं. दिपकचं अर्धं तोंड तांबडं दिसत होतं, अर्धं हिरवं.

तिनं विजयकुमारला गर्दीतून बाहेर ओढलं. "सेल गेले."

"कसे काय गेले? अडीच हजारचे—"

"अवो, ते राहू द्या आता! औंढ्याला जा, बारा सेल आना. कोनते बी आना."

गावातल्या किराणा दुकानातले पेन्सिल सेल संपले होते. विजयकुमारनं गाडीला किक मारली. तो गेल्यावर पुनमनं घड्याळ बघितलं. अकरा पंचावन्न. औंढ्याला जाऊन, दुकान शोधून, लग्नाच्या गर्दीतून परत यायचं. मुहूर्ताच्या आत तो यायचा नव्हता, हे तिला कळत होतं.

बोहल्याच्या कडेला बसून ती फ्लॅशचं झाकण उघडत होती, मिटत होती. तिथंच दत्तोपंत गुरुजी अंतरपाट आणि अक्षतांची तयारी करत होते. औंढ्याचे भटजी, वय चौसष्ट. किडकिडीत, मान जरा पुढं काढून चालणारे. त्यांच्या हातात बिनवायरीचा माईक होता.

"काय झालं, बाळ?" त्यांनी विचारलं.

पुनमनं सेल त्यांच्यापुढं धरले. गुरुजींनी एक उचलला, लांब धरून वाचला.

"अडीच हजार! कधी भरले होते?"

"दीड महिना झाला. आन काल हळदीला वापरले."

"अगं बाई," गुरुजी म्हणाले, आणि हसले, पण त्या हसण्यात टोमणा नव्हता. त्यांनी पोथीच्या पिशवीतून साबणाची प्लॅस्टिकची डबी काढली. आत दोन पांढरे सेल होते, प्रत्येकावर नखाला लावायच्या लाल रंगाचा खुणेचा एकेक ठिपका. "हे साधे आहेत, दोन हजारचे. चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात भरलेत, पण गेलेले नसणार. फ्लॅशला किती लागतात?"

"चार."

गुरुजींचा हात थांबला. डबीत दोनच होते. उरलेले दोन माईकमध्ये होते.

"हे दोन आन माझ्यातले दोन असं चालंल का?" पुनमनं विचारलं.

"नाही चालायचं. भरलेल्यांच्या जोडीला रिकामे घातले की ते भरलेल्यांनाही घेऊन बुडतात. चारही सारखेच पाहिजेत."

 मांडवात पाचसहाशे माणसं होती. चार कोपऱ्यांत चार मोठे कूलर घरघरत होते. गुरुजींनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं चार वर्षांपूर्वी," ते हळू आवाजात म्हणाले. "गाठ होती. साधीच निघाली. पण डॉक्टर म्हणाले, ओरडायचं नाही. तेव्हापासून एकही लग्न मी याच्याशिवाय लावलेलं नाही. आता डॉक्टरांचं काही म्हणणं नाही, पण माझीच छाती होत नाही. आवाज मधेच फाटला, तर एवढ्या माणसांत..."

"नको गुरुजी," पुनम लगेच म्हणाली. "माझी चूक हाय. मी बिनफ्लॅशचे काढते. व्हईल तसं व्हईल."

तेवढ्यात माणिकराव आले. नवा फेटा, कपाळावर घाम. "काय पोरी, चालूहे ना बराबर?"

पुनमला हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. तिनं त्यांच्याकडं बघितलं. "काका, फ्लॅश बंद पडलाय. सेल उतरले. आमचे हे गेलेत दुसरे आनाया, पन मुहूर्ताच्या आत येनार न्हाईत."

  माणिकरावांनी मांडवाच्या कापडाकडं बघितलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडं, जिथं कोमल बसली होती.

खट्ट असा आवाज झाला. गुरुजींनी माईकच्या बुडाचं झाकण उघडलं होतं. अंगठ्यानं त्यांनी दोन सेल बाहेर काढले, डबीतल्या दोघांशेजारी ठेवले आणि डबी पुनमच्या ओंजळीत दिली.

"लग्नाचे मंत्र शेवटच्या माणसाला ऐकू गेले नाहीत तरी लग्न लागतं," ते म्हणाले. "फोटो मात्र कायमचे राहतात. माणिकराव, तेवढे कूलर बंद करायला सांगा. आणि बँडवाल्यांना म्हणावं, मी हात वर करीपर्यंत एक ढोलसुद्धा वाजायला नको."

"गुरुजी, तुमचा गळा..." माणिकराव म्हणाले.

"बघू. आता विचारू नका, नाहीतर मी सेल परत घेईन."

पुनमनं सेल घातले. फ्लॅशनं चीं केलं आणि दोन मोजायच्या आत नारिंगी दिवा लागला.

बारा पस्तीसला अंतरपाट धरला गेला. कूलर बंद झाले, तसा मांडवात एकदम उकाडा दाटला, आणि शांतताही आली. आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो हे माणसांना तेव्हा कळलं. गुरुजींनी घसा साफ केला.  

पहिल्या मंगलाष्टकाची सुरुवात इतकी हळू झाली की मागच्या बायका "काय म्हनले?" असं एकमेकींना विचारू लागल्या. गुरुजींनी डोळे मिटले. दुसऱ्या ओळीला आवाज वर चढला. जाड, खरखरीत, पण सुरात. चार वर्षांत तो कुणी असा मोकळा ऐकला नव्हता. मागचे दोन-तीन जण उठून उभे राहिले, मग त्यांच्या मागचे. "सावधान" म्हणताना आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचला आणि सगळ्या माणसांनी तो झेलून परत म्हटला. एरवी माईक असला की लोक नुसत्या अक्षता फेकतात. आज त्यांनाही तोंड उघडावं लागलं.

पुनम अंतरपाटाच्या या बाजूनं त्या बाजूला फिरत होती. खाली मान घातलेली कोमल. टाचा वर करून पलीकडं डोकावायला बघणारा दिपक. फ्लॅश उडायचा, दिवा लागायचा, परत उडायचा. ती मोजायचंच विसरली.

तिसऱ्या मंगलाष्टकाला गुरुजींचा आवाज फाटला.

ते एक शब्द बोलले आणि पुढचा नुसता वारा निघाला. त्यांनी पुन्हा घसा साफ केला, पुन्हा तेच झालं.  पुनमनं कॅमेरा खाली घेतला. हे आपल्यामुळं झालं, असं तिला वाटलं.

तेव्हा बायकांच्या गर्दीतून एक उंच, पातळ आवाज आला. कोमलची आत्या नर्मदाबाई. साठीची बाई, जन्मभर रानात गाणी म्हणत खुरपलेली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण भाचीच्या लग्नासाठी तिनं स्वतः जोडलेलं मंगलाष्टक पदराखाली कागदावर लिहून आणलं होतं. माईक गुरुजींच्याच हाती असल्यामुळं आपला नंबर कधी लागायचा, असं ती सकाळपासून धुसफुसत होती. ती पुढं आली, कागद उलटा धरला, सरळ केला आणि म्हणू लागली. कोमलच्या लहानपणीच्या खोड्या त्यात होत्या, केळीच्या बागेतला झोका होता, दिपकची पोलीस भरतीची धावपळही तिनं घुसवली होती. लोक हसायला लागले. दिपक अंतरपाटामागं लाल झाला. शेवटी तिनं असं ठणठणीत "सावधान" म्हटलं की बाहेर मंडपवाल्याच्या टेम्पोवर बसलेल्या माणसानंही साथ दिली.

तेवढ्यात गुरुजी पाणी प्यायले होते. त्यांनी नर्मदाबाईला हात जोडले आणि पुढचं अष्टक उचललं. आता त्यांना घाई नव्हती. आवाज पुन्हा एकदा चरकला, तेव्हा लोकांनीच तो शब्द पुरा केला. शेवटच्या ओळीला त्यांनी मान मागं टाकली, गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड आभाळाकडं केलं. पुनमनं बटण दाबलं. मग त्यांनी हात वर केला आणि बँड वाजला.

विजयकुमार परतला तेव्हा पंगती बसल्या होत्या. दोन्ही खिसे सेलनं फुगलेले, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"लागलं का लगीन?"

"लागलं."

"आन फोटो?"

"निघाले. जेवून घ्या, सांगते."

पाठवणीचे फोटो त्याच्या सेलवर झाले. संध्याकाळपर्यंत तेही सगळे उतरले.

पुढच्या रविवारी पुनम आणि विजयकुमार औंढ्याला गुरुजींच्या घरी गेले. तिनं चारही सेल भरून आणले होते आणि एक मोठा फोटो. दार गुरुजींच्या पत्नीनं, अनुसूयाबाईंनी उघडलं. त्यांनी फोटो हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि पदर तोंडाला लावला.

"अहो, हे बघा! सगळे दात मोजता येतील तुमचे!"

गुरुजी आतून आले. आवाज बसलेला होता, ते कुजबुजल्यासारखे बोलत होते. पण फोटो त्यांनी बराच वेळ हातातून सोडला नाही. "हा मी आहे?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

"तीन दिवस गरम पाणी आणि हळद चालू आहे," अनुसूयाबाई म्हणाल्या. "पण घरी आले ते नाचतच. चार वर्षांत असे आले नव्हते."

चहा झाला. विजयकुमारनं न राहवून विचारलं, "गुरुजी, तुमी पहिल्यापासूनच साधे सेल वापरता का?"

गुरुजींनी बायकोकडं बघितलं. उत्तर अनुसूयाबाईंनी दिलं. "कसले! आधी मोठ्या आकड्याचेच आणले होते. मी म्हणत होते, जाड दिसतात. ते माईकमध्ये असे अडकले की निघेनात. माझा चमचा घातला, तो वाकला. मग शेजारच्या मुलानं चिमट्यानं काढले."

"आमच्या मुलानं, विश्वजीतनं नंतर साधे पाठवले," गुरुजी कुजबुजले. "मोठे वाईट नसतात. रोज भरून रोज वापरणाऱ्याला चांगले. माझी लग्नं कधी पंधरा दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. मला पिशवीत वाट बघत बसणारे पाहिजेत."

परतीच्या वाटेवर ते मुद्दाम हिंगोलीला गेले. रतनसिंगनं दोघांना बघताच चष्मा चढवला. "क्या ताई, कैसे चले?"

"तुमी सांगितलं तसे," पुनम म्हणाली. "पडे-पडे उतरले. साध्याची दोन पाकिटं द्या. चार फ्लॅशमधी, चार पिशवीत."

"और वो चार?"

"ते मी घेतले," विजयकुमार म्हणाला. "रातच्याला रानात न्यायच्या बॅटरीला. रोज भरून राहिलो, रोज वापरून राहिलो. लय भारी उजेड पडतो. घड काळा पडायच्या आत खपवायचा, येवढंच."

रतनसिंग इतका हसला की शेजारचा मोबाइलवाला डोकावून गेला.

आठ दिवसांनी नर्मदाबाईचा फोन आला. तिला कागद हातात धरलेला आपला फोटो मिळाला होता आणि तो तिनं सगळ्या भावकीला दाखवून झाला होता. आता दिवाळीनंतर तिच्या नातवाचं लग्न होतं. "फोटो तूच काढायचे," ती म्हणाली. "आन त्या औंढ्याच्या म्हाराजालाच सांगितलंय. पन म्हनावं, त्यो माईक घरी ठेवा."

पुनमनं निरोप दिला. गुरुजींचा आवाज आता मोकळा झाला होता.

"माईक तर मी आणणार," ते म्हणाले. "अनुसूयेनं शपथ घातलीय. पण पहिली दोन अष्टकं बिनमाईकची म्हणेन. तिसऱ्याला नर्मदाबाईंना उभं करू."